मोजलेली बुद्धी आणि शिकणारे मूल

महाराष्ट्रात दरवर्षी लाखो विद्यार्थी शिष्यवृत्ती परीक्षेला बसतात आणि त्या परीक्षेच्या दुसऱ्या प्रश्नपत्रिकेत तृतीय भाषेसोबत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ नावाचा ५० प्रश्नांचा आणि १०० गुणांचा विभाग असतो. पनवेलहून पेणकडे जाताना कर्नाळ्याच्या अलीकडे लागणाऱ्या शिरढोणसारख्या गावातील मुलाचा बुद्धिमापनाशी पहिला, आणि बहुधा शेवटचा, संबंध याच विभागातून येतो. संख्यामालिका पूर्ण करणे, सांकेतिक भाषा उलगडणे, गटात न बसणारे पद ओळखणे, आकृतीची आरशातील प्रतिमा शोधणे अशा प्रश्नांना मिळालेल्या गुणांवरून घरात आणि शाळेत एक निष्कर्ष सहज काढला जातो, तो असा की ज्याला अधिक गुण पडले ते मूल हुशार आणि जे हुशार तेच पुढे शिकू शकणारे. या समजुतीत दोन वेगवेगळी विधाने एकमेकांत मिसळली आहेत : चाचणी बुद्धी मोजते हे पहिले आणि मोजलेली बुद्धी म्हणजेच शिकण्याची क्षमता हे दुसरे. गेल्या सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने पहिल्या विधानाला बऱ्याच अटींसह मान्यता दिली आहे. दुसरे विधान मात्र त्याच संशोधनापुढे फार काळ टिकत नाही, आणि मुलांच्या भवितव्याचे निर्णय प्रत्यक्षात याच दुसऱ्या विधानावर घेतले जात असल्यामुळे दोहोंतील अंतर नीट समजून घेणे आवश्यक ठरते.

बिने यांचा मूळ हेतू

फ्रान्सच्या सरकारने १९०४ साली नेमलेल्या एका आयोगापुढे असा प्रश्न होता की, प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यामुळे शाळेत आलेल्या मुलांपैकी ज्यांना नेहमीच्या वर्गात शिकणे जड जाते त्यांना ओळखायचे कसे. तोवर हा निर्णय शिक्षकाच्या किंवा वैद्याच्या मतावर सोडलेला असे आणि खोडकर मूल, आजारी मूल व सावकाश शिकणारे मूल यांच्यात गल्लत होत असे. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये सोप्याकडून अवघडाकडे जाणाऱ्या ३० कसोट्यांची मालिका तयार केली. १९०८ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी कसोट्यांची मांडणी वयानुसार केली आणि सात वर्षांच्या बहुसंख्य मुलांना जे जमते ते सात वर्षांच्या पायरीवर, आठ वर्षांच्या मुलांना जे जमते ते आठव्या पायरीवर, अशी रचना बसवली. मूल ज्या पायरीपर्यंत पोहोचते तिला ‘मानसिक वय’ असे नाव मिळाले. जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम श्टर्न यांनी १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची सूचना केली आणि अमेरिकेतील लुईस टर्मन यांनी १९१६ च्या स्टॅनफर्ड-बिने चाचणीत त्या भागाकाराला १०० ने गुणून आलेली संख्या ‘बुद्ध्यंक’ म्हणून रूढ केली. आठ वर्षांच्या मुलाचे मानसिक वय दहा आले तर त्याचा बुद्ध्यंक १२५ होतो आणि सहा आले तर ७५.

ही पद्धत प्रौढांना लागू करता येत नव्हती, कारण वयाबरोबर मानसिक वय कायम वाढत राहत नाही. त्यामुळे डेव्हिड वेक्सलर यांनी १९३९ पासून वेगळी पद्धत वापरली, जिच्यात व्यक्तीची तुलना फक्त तिच्याच वयोगटाशी केली जाते, त्या गटाची सरासरी १०० धरली जाते आणि साधारण दोन-तृतीयांश लोक ८५ ते ११५ यांच्या दरम्यान येतील अशा रीतीने गुण मांडले जातात. यावरून बुद्ध्यंकाचे खरे स्वरूप कळते. तो उंची किंवा वजनासारखा स्वतंत्र परिमाणाने मोजलेला आकडा नसून समवयस्कांच्या रांगेतील स्थान दाखवणारा आकडा आहे आणि त्यात मोजमापातील चूकही अपरिहार्यपणे मिसळलेली असते. ९५ असा बुद्ध्यंक आला तर मुलाचे स्थान ९० ते १०० यांच्या आसपास कोठेतरी आहे, एवढेच जबाबदारीने म्हणता येते.

बिने यांनी स्वतः या आकड्याला जन्मजात आणि अचल गुणधर्म मानले नव्हते. १९०९ साली मुलांविषयी लिहिलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी अशा निराशावादाला स्पष्ट विरोध केला आणि अवधान, स्मरण व निर्णयशक्ती योग्य व्यायामाने वाढवता येतात असे मांडून मागे पडणाऱ्या मुलांसाठी विशेष वर्गांत असे व्यायामही सुचवले. १९११ मध्ये त्यांचे निधन झाले आणि चाचणीचा पुढचा प्रवास त्यांच्या हेतूपासून दूर गेला. पहिल्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत सुमारे १७ लाख सैनिकांची बुद्धिचाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष काही देशांतून येणारे लोक मुळातच कमी बुद्धीचे आहेत असे ठरवण्यासाठी वापरले गेले, वस्तुतः त्या चाचण्यांतील अनेक प्रश्न अमेरिकी राहणीच्या परिचयावरच अवलंबून होते. मदतीसाठी घडवलेले साधन निवाड्यासाठी वापरले जाण्याचा धोका तेव्हापासून या विषयाची पाठ सोडत नाही.

मराठी मुलांसाठी मोजपट्टी

भारतात १९२० च्या दशकात लाहोर येथे हर्बर्ट राइस यांनी हिंदुस्तानी भाषेत बिने चाचणीचे रूपांतर केले. मराठी मुलांच्या दृष्टीने महत्त्वाचे काम व्ही. व्ही. कामत यांचे आहे. धारवाड परिसर त्या काळी मुंबई इलाख्यात होता आणि तेथील शाळांतून कानडी व मराठी या दोन्ही भाषा चालत. त्या भागातील मुलांवर प्रयोग करून कामत यांनी बिने चाचणीची कानडी आणि मराठी आवृत्ती सिद्ध केली, १९३४ मध्ये ब्रिटनच्या शैक्षणिक मानसशास्त्राच्या नियतकालिकात तिची माहिती प्रसिद्ध केली आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावर ग्रंथ लिहिला. ‘बिने-कामत चाचणी’ या नावाने ती आजही महाराष्ट्रातील रुग्णालयांत आणि बालमार्गदर्शन केंद्रांत वापरली जाते.

कामत यांचे काम भाषांतरापुरते मर्यादित नव्हते आणि ते तसे असून चालणारही नव्हते. एखादा प्रश्न फ्रेंच किंवा इंग्रज मुलाला सातव्या वर्षी सुटतो म्हणून तो मराठी मुलाला त्याच वयात सुटेल असे नाही, कारण प्रश्नातील शब्द, वस्तू, नाणी, खेळ आणि नातेसंबंध मुलाच्या ओळखीचे आहेत की नाहीत यावर त्याची काठिण्यपातळी ठरते. म्हणून प्रत्येक प्रश्न वेगवेगळ्या वयाच्या पुष्कळ मुलांना देऊन पाहणे, कोणत्या वयाच्या बहुसंख्य मुलांना तो जमतो हे शोधणे आणि त्यानुसार त्याची पायरी ठरवणे ही सारी प्रक्रिया नव्याने करावी लागते. तिलाच ‘प्रमाणीकरण’ म्हणतात आणि तिच्यातून मिळणाऱ्या तुलनेच्या आधारसंख्यांना ‘मानके’ म्हणतात. एका समाजाच्या मानकांनी दुसऱ्या समाजातील मूल मोजले तर आकडा मिळतो, पण त्याला अर्थ राहत नाही.

भाषेची आणि साक्षरतेची अडचण ओळखून सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये कृतिचाचण्यांचा संच प्रसिद्ध केला. रंगीत ठोकळ्यांची नक्षी जुळवणे, चौकटीतील तुकडे सरकवून दिलेली रचना साधणे, हात न उचलता आकृती काढणे, ऐकलेले अंक किंवा ध्वनी लगेच पुन्हा म्हणणे आणि तुकड्यांतून चित्र पूर्ण करणे अशा पाच भागांमुळे शाळेत न गेलेल्या मुलांचीही चाचणी घेता येऊ लागली. महाराष्ट्रातील दुसरे मोठे काम नागपूरचे. तेथे काम करणारे आर्थर मलिन यांनी वेक्सलर यांच्या बालचाचणीचे भारतीय रूपांतर १९६९ मध्ये इंग्रजी, हिंदी आणि मराठीतून सिद्ध केले. तिच्यात माहिती, आकलन, अंकगणित, साम्य, शब्दसंग्रह आणि अंकस्मरण असे सहा शाब्दिक, तर अपूर्ण चित्र, ठोकळ्यांची रचना, वस्तुजुळणी, संकेतलेखन आणि चक्रव्यूह असे पाच कृतिप्रधान उपविभाग आहेत. मूल जेवण, कपडे, बोलणे, व्यवहार यांत कितपत स्वावलंबी आहे हे पाहणाऱ्या व्हाइनलँड सामाजिक परिपक्वता मापनाचे रूपांतरही मलिन यांनीच केले आणि ते आजही ‘नागपूर रूपांतर’ म्हणूनच ओळखले जाते. बुद्ध्यंकाच्या शेजारी दैनंदिन कर्तृत्वाचा आलेख ठेवल्याशिवाय कोणत्याही मुलावर बौद्धिक अक्षमतेचा शिक्का मारू नये, हा आज सर्वमान्य असलेला दंडक या दोन साधनांच्या जोडीमुळे येथे व्यवहारात आणता आला.

या साधनांची एक मर्यादा मात्र गंभीर आहे. जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, अनेक औद्योगिक देशांत बुद्धिचाचण्यांतील कामगिरी दर दशकाला साधारण ३ गुणांनी वाढत गेली होती, म्हणजे आजी-आजोबांच्या पिढीच्या मानकांवर नातवंडांना मोजले तर ती बरीच वरचढ दिसतात. शाळेचा प्रसार, पोषण, लहान कुटुंबे, चित्रे आणि आकृत्यांनी भरलेले भोवताल अशी अनेक कारणे त्यासाठी सुचवली गेली आहेत. यावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. एक अशी की, मानके ठरावीक काळाने नव्याने घ्यावी लागतात आणि १९३० च्या दशकातील मानकांवर आजचे मूल मोजणे धोक्याचे ठरते. दुसरी अशी की, जो आकडा दोन-तीन पिढ्यांत सबंध समाजात इतका बदलतो तो केवळ रक्तातून आलेला असू शकत नाही.

एक बुद्धी की अनेक?

चार्ल्स स्पीअरमन यांनी १९०४ मध्ये असे निरीक्षण नोंदवले की, एका विषयात चांगली कामगिरी करणारी मुले बहुधा इतर विषयांतही चांगली असतात आणि यामागे एक ‘सामान्य घटक’ असावा. लुईस थर्स्टन यांनी १९३८ मध्ये शब्दाकलन, शब्दओघ, संख्याक्षमता, अवकाशीय क्षमता, स्मरण, निरीक्षणवेग आणि तर्क अशा सात प्राथमिक क्षमता मांडल्या, तर जे. पी. गिलफर्ड यांनी विचारप्रक्रिया, आशय आणि फलित अशा तीन अंगांनी बुद्धीची रचना कल्पून तिच्यात आधी १२० आणि पुढे त्याहूनही अधिक क्षमता गृहीत धरल्या.

गिलफर्ड यांच्या मांडणीला महाराष्ट्रात वेगळे महत्त्व लाभले ते पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीमुळे. डॉ. वि. वि. ऊर्फ आप्पा पेंडसे यांनी १९६२ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने बुद्धिमान मुलांना हेरून त्यांच्या शिक्षणाची आखणी करणे हे काम हाती घेतले, १९६९ मध्ये प्रशाला सुरू केली आणि तेथील मानसशास्त्रीय संशोधनात डॉ. उषा खिरे यांनी गिलफर्ड यांच्या प्रतिमानावर आधारलेल्या चाचण्या मराठी मुलांसाठी विकसित केल्या. एकच बरोबर उत्तर शोधणारा एककेंद्री विचार आणि एकाच प्रश्नाची अनेक उत्तरे सुचवणारा बहुदिश विचार या दोन वेगळ्या क्षमता आहेत, त्या वेगवेगळ्या मोजता येतात आणि शाळेत यांतील दुसऱ्या क्षमतेकडे फारच कमी लक्ष दिले जाते, हा विचार या कामातून मराठी शिक्षणविश्वात रुजला. नेदरलँड्समधील निको ब्लाइश्रोट व रेने होक्सबर्गन यांच्यासह डॉ. खिरे यांनी डच बालबुद्धिचाचणी महाराष्ट्रातील मुलांसाठी रूपांतरित करण्याचेही काम केले आणि त्याविषयीचा शोधनिबंध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

एक की अनेक या वादाचा आजवरचा सर्वांत व्यापक निर्वाळा जॉन कॅरल यांच्या १९९३ च्या ग्रंथात मिळतो. ४६० हून अधिक अभ्यासांची आकडेवारी पुन्हा तपासून त्यांनी तीन थरांची रचना मांडली : तळाशी अनेक सूक्ष्म क्षमता, त्यांच्यावर नवीन प्रश्न सोडवण्याची शक्ती, साठवलेले ज्ञान, स्मरण, वेग अशा काही व्यापक क्षमता आणि सर्वांत वर सामान्य घटक. म्हणजे दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य होते. क्षमता परस्परांशी निगडित असतात हे खरे. पण एकाच आकड्यात त्या सर्व बांधल्या की ज्या तपशिलाचा शिक्षकाला उपयोग झाला असता तोच नाहीसा होतो, हेही तितकेच खरे.

बुद्ध्यंक आणि शाळेतील यश

बुद्ध्यंक आणि शालेय गुण यांच्यातील नाते ‘सहसंबंध’ या संख्येने सांगतात. शून्य म्हणजे काहीही नाते नाही आणि एक म्हणजे एकावरून दुसरे तंतोतंत सांगता येते. २०१५ मध्ये एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांवरील २४० नमुन्यांचे एकत्रित विश्लेषण करून जर्मन संशोधकांनी हा सहसंबंध सांख्यिकीय दुरुस्तीनंतर ०.५४ असल्याचे दाखवले. इयन डिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये इंग्लंडमधील ७० हजारांहून अधिक मुलांची अकराव्या वर्षीची चाचणी आणि सोळाव्या वर्षीचे परीक्षाफल जोडून पाहिले तेव्हा सामान्य घटकाचा सहसंबंध ०.८ च्या आसपास आला. मानसशास्त्रात इतके बळकट नाते क्वचितच आढळते, त्यामुळे बुद्धिचाचणी निरर्थक आहे असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही. तथापि ०.५४ या सहसंबंधाचा अर्थ असा की, विद्यार्थ्यांच्या गुणांत जो फरक दिसतो त्याचा तीस टक्क्यांहून कमी भाग बुद्ध्यंकाने उलगडतो आणि उरलेला मोठा भाग चिकाटी, आरोग्य, घरची परिस्थिती, अध्यापनाचा दर्जा, भाषा आणि आधीचे ज्ञान यांच्या वाट्याला जातो.

या नात्याची दिशा दुहेरी आहे, हे संशोधनाचे आणखी एक महत्त्वाचे फलित. स्टुअर्ट रिची आणि इलियट टकर-ड्रोब यांनी २०१८ मध्ये सहा लाखांहून अधिक व्यक्तींचे ४२ आकडेवारी-संच एकत्र करून असे दाखवले की, शिक्षणाच्या प्रत्येक जादा वर्षामागे बुद्ध्यंक साधारण १ ते ५ गुणांनी वाढतो. नॉर्वेमध्ये १९६० च्या आसपास सक्तीच्या शिक्षणाची वर्षे सातावरून नऊ करण्यात आली आणि वेगवेगळ्या नगरपालिकांनी ती वेगवेगळ्या वर्षी लागू केली, त्यामुळे नैसर्गिक प्रयोगच घडला. त्याच्या २०१२ मधील विश्लेषणात शाळेच्या एका जादा वर्षाचा परिणाम ३.७ गुणांचा आढळला. बुद्धी असेल तर शिक्षण जमते या नेहमीच्या वाक्याइतकेच शिक्षण मिळाले तर बुद्धी वाढते हे वाक्यही त्यामुळे सिद्ध ठरते, आणि ज्या मुलाचे शाळेचे एक वर्ष बुडते त्याच्या केवळ अभ्यासक्रमाचे नुकसान होते असे मानता येत नाही.

शिकण्याचा वेग

बुद्धी म्हणजे शिकण्याची क्षमता अशी व्याख्या विसाव्या शतकाच्या आरंभी अनेकांनी केली होती, पण ती तपासून पाहण्याचे काम हर्बर्ट वुड्रो यांनी केले. सरावाने कोण किती सुधारतो याची नोंद ठेवून १९४६ मध्ये त्यांनी असा निष्कर्ष मांडला की, सुधारणेचे प्रमाण आणि बुद्धिचाचणीतील गुण यांचे नाते फार क्षीण आहे आणि शिकण्याची अशी एकच सर्वसाधारण क्षमता आढळत नाही. पुढील संशोधनाने या निष्कर्षात भर घातली : नवीन काम हाती घेताना, काय करायचे आहे हेच कळायचे असते तेव्हा, सामान्य बुद्धीचा वाटा मोठा असतो आणि काम सरावाचे होत जाते तसा तो कमी होतो.

कॅरल यांनी, ज्यांच्या त्रिस्तरीय रचनेचा उल्लेख वर आला आहे, १९६३ मध्येच शालेय अध्ययनाचे एक प्रतिमान मांडून या प्रश्नाला नवे वळण दिले होते. त्यांच्या मते अभिक्षमता म्हणजे विद्यार्थी किती शिकू शकेल याची मर्यादा नव्हे. एखादी गोष्ट शिकायला त्याला किती वेळ लागतो याचे ते माप आहे. वेळ आणि योग्य अध्यापन मिळाले तर बहुतेक विद्यार्थी बहुतेक गोष्टी शिकू शकतात, ही बेंजामिन ब्लूम यांची प्रभुत्व-अध्ययनाची कल्पना याच प्रतिमानातून निघाली.

केनेथ कोडिंगर आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये अमेरिकेतील संगणकाधारित अध्ययनाचे २७ आकडेवारी-संच, म्हणजे तेरा लाखांच्या घरातील नोंदी, तपासल्या तेव्हा विद्यार्थ्यांच्या आरंभीच्या ज्ञानात मोठी तफावत दिसली, पण प्रत्येक सरावसंधीमागे होणारी सुधारणा आश्चर्य वाटावे इतकी सारखी निघाली. सरासरी विद्यार्थी ६५ टक्के अचूकतेपासून ८० टक्क्यांपर्यंत पोहोचण्यासाठी साधारण सात संधी घेत होता आणि मागे असलेल्यांना अधिक संधी लागत होत्या त्या मुख्यतः त्यांची सुरुवात मागून झाली म्हणून. हा निष्कर्ष जेथे तत्काळ प्रतिसाद आणि गरजेप्रमाणे समजावणी मिळते अशा अनुकूल परिस्थितीपुरता आहे, आणि तो सर्व विषयांना व सर्व वयांना लागू करण्याची घाई करता येणार नाही. तरीही ज्यांना वर्गात मंदबुद्धी समजले जाते त्या मुलांपैकी अनेकांची खरी अडचण वेगाची नसून आरंभस्थानाची असते, ही शक्यता त्याने ठळकपणे पुढे आणली.

भारतातील एक अभ्यास या बाबतीत विशेष बोलका आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांचा अभ्यास करून २०२५ मध्ये असे दाखवले की, वजन, दर आणि सुटे पैसे यांचे गुंतागुंतीचे हिशेब तोंडी आणि अचूक करणारी ही मुले शाळेच्या पद्धतीने मांडलेली सोपी उदाहरणे सोडवताना अडखळत होती, तर शाळेतील उदाहरणे सोडवणारी मुले बाजारातील हिशेबात मागे पडत होती. दोन्ही गटांत गणिती क्षमता होती. एका जागचे ज्ञान दुसऱ्या जागी नेण्याचा पूल शिक्षणाने बांधला नव्हता. अडचण कधी शिकवायच्या सामग्रीतही असते. मराठीत एकवीसपासून नव्व्याण्णवपर्यंतची संख्यानामे प्रत्येकी स्वतंत्रपणे लक्षात ठेवावी लागतात, त्यांत एकक आधी आणि दशक नंतर येते आणि लिहिण्याचा क्रम नेमका उलटा असतो. बालभारतीच्या २०१९ च्या दुसरीच्या गणित पाठ्यपुस्तकात ‘वीस एक’ अशा वाचनाचा पर्याय दिला गेला तेव्हा मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांनी त्यामागची शैक्षणिक कारणे स्पष्ट केली. त्या पर्यायाविषयी मते काहीही असोत, संख्या उलटसुलट लिहिणारे मूल बुद्धीने कमी नसून एका खरोखरच अवघड रचनेशी झगडत असते, एवढे त्या चर्चेमुळे पालकांपर्यंत पोहोचले.

बुद्धी असूनही वाचता न येणे

बुद्ध्यंक आणि अध्ययन यांतील भेद सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो विशिष्ट अध्ययन अक्षमतेत. बुद्धी सर्वसाधारण किंवा त्याहून वरची, दृष्टी आणि श्रवण ठीक, शाळेत जाणे नियमित आणि तरीही वाचन, लेखन किंवा गणन यांपैकी एखादे कौशल्य वयाच्या मानाने फारच मागे, अशी ही अवस्था असते. अक्षरचिन्ह आणि ध्वनी यांची सांगड घालणारी प्रक्रिया कमकुवत असल्यामुळे असे मूल काना-मात्रा गाळते, जोडाक्षरांपाशी थांबते आणि तोंडी उत्तर अचूक देऊनही कागदावर नापास होते. महाराष्ट्राने १९९६ मध्ये अशा विद्यार्थ्यांना परीक्षेत सवलती देण्यास सुरुवात केली, त्याच वर्षी मुंबईत महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन स्थापन झाली आणि शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयातील अध्ययन अक्षमता चिकित्सालयाने पुढे या क्षेत्रात मोलाचे काम केले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने या अवस्थेला देशभर मान्यता दिली. प्रमाणपत्रासाठीच्या २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांत असे ठरवले होते की, आधी मलिन किंवा वेक्सलर यांच्या चाचणीवर बुद्ध्यंक पाहायचा आणि तो ८५ हून अधिक असेल तर वाचन-लेखन-गणनाच्या विशेष चाचण्या घ्यायच्या.

येथे बुद्धिमापनाची उपयुक्तता आणि धोका दोन्ही एकाच वेळी दिसतात. ज्या मुलाला ‘ढ’ ठरवले गेले होते त्याची बुद्धी उत्तम असल्याचे चाचणी सिद्ध करते आणि त्याला न्याय मिळवून देते; परंतु ८० बुद्ध्यंकाचे मूल, ज्याला वाचनात तितकीच मदत हवी असते, ८५ च्या अशा रेषेबाहेर राहते. वाचनदोषावरील उपचारात्मक अध्यापन, म्हणजे ध्वनी, अक्षर, शब्द अशा क्रमाने आणि पुष्कळ उजळणीसह शिकवणे, दोन्ही मुलांना उपयोगी पडते. म्हणून मदतीचा निकष बुद्ध्यंकापेक्षा वाचनाची गरज हाच असावा, असे मत अनेक अभ्यासक आता मांडतात.

मोजमापानंतरचे काम

आरंभी ज्या शिरढोणचा उल्लेख आला ते आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके यांचे जन्मगाव आहे. १८४५ साली तेथे जन्मलेल्या फडके यांचे मन शाळेपेक्षा कुस्ती आणि घोडेस्वारी यांत अधिक रमत असे, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. परंतु पुण्याच्या ज्या पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनमधून महाराष्ट्र एज्युकेशन सोसायटी उभी राहिली तिच्या संस्थापकांत वामन प्रभाकर भावे आणि लक्ष्मण नरहर इंदापूरकर यांच्यासोबत त्यांचे नाव घेतले जाते. शिक्षण गावोगावच्या मुलांपर्यंत पोहोचले पाहिजे या त्या पिढीच्या आग्रहाला दीडशे वर्षे उलटल्यावर पनवेल तालुक्यात प्रश्नाचे स्वरूप बदलले आहे. शाळा जवळ आली आहे, पण वर्गात बसलेली मुले एकाच जागेवरून निघालेली नाहीत. घरी आगरी बोली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातील प्रमाण मराठी वेगळी वाटते, कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात तेव्हा मुलांचे अर्धे शैक्षणिक वर्ष गेलेले असते, आणि त्याच तालुक्यातील खारघर-कळंबोलीच्या शहरी वस्तीत शिष्यवृत्तीची शिकवणी आणि सरावसंच सहज मिळतात. या सर्वांना एकच बुद्धिमत्ता चाचणी दिली की तिच्या गुणांत तर्कशक्तीबरोबर प्रश्नप्रकारांची ओळख, भाषेचा परिचय आणि सरावाची संधी यांचेही मोजमाप होते. शिष्यवृत्तीची परीक्षा होतकरू विद्यार्थ्यांना पुढे आणते आणि अनेक ग्रामीण मुलांना तिने आत्मविश्वास दिला आहे, हे मान्य करूनही तिच्या एका विभागातील गुण म्हणजे मुलाची बुद्धी असे समजणे संशोधनाच्या कसोटीवर टिकत नाही.

शेतकरी मातीचे परीक्षण करून घेतो ते कोणत्या घटकाची उणीव आहे आणि काय घालावे हे कळावे म्हणून. जमीन पडीक टाकायची की नाही हे ठरवण्यासाठी नव्हे. बुद्धिमापनाचा योग्य उपयोगही याच जातीचा आहे. मुलाच्या एकत्रित आकड्यापेक्षा शाब्दिक, कृतिप्रधान, स्मरण आणि वेग या स्वतंत्र अंगांचा आलेख शिक्षकाच्या हाती पडला, तर शब्दांत अडणाऱ्या मुलाला वस्तू आणि चित्रांतून, स्मरण कमी असलेल्या मुलाला छोट्या टप्प्यांतून आणि संथ लिहिणाऱ्या मुलाला जादा वेळ देऊन शिकवता येते. यासाठी काही गोष्टी अनिवार्य आहेत. चाचणी प्रशिक्षित व्यक्तीनेच एकेका मुलासोबत बसून घेतली पाहिजे, मुलाच्या घरच्या बोलीत सूचना समजावल्या पाहिजेत, मराठी मुलांची मानके दर पिढीला नव्याने काढली पाहिजेत आणि प्रत्येक अहवालाच्या शेवटी आकड्यासोबत पुढील सहा महिन्यांची अध्यापनाची योजना लिहिली गेली पाहिजे. काही महिन्यांच्या नेमक्या अध्यापनानंतर मूल पुन्हा तपासले तर त्याने किती प्रगती केली हे कळते, आणि शिकण्याच्या क्षमतेचा एका दिवसाच्या चाचणीपेक्षा ती प्रगतीच अधिक विश्वासार्ह पुरावा आहे.

पालकांनी आणि शिक्षकांनी संशोधनातून घ्यायचा बोध त्यामुळे स्पष्ट आहे. बुद्ध्यंक हा मुलाच्या आजच्या स्थानाचा, आजच्या परिस्थितीतील आणि काही अंशी चुकीचा असू शकणारा अंदाज आहे; उद्या मूल कोठवर जाईल हे सांगण्याचा अधिकार त्याला नाही. शाळेचे प्रत्येक वर्ष बुद्धीत भर घालते हे सिद्ध झालेले असताना, चाचणीत मागे पडलेल्या मुलाला कमी शिक्षण देणे हा शास्त्राच्या नावाखाली होणारा अन्याय ठरतो, कारण नेमक्या त्याच मुलाला अधिक वेळ, अधिक सराव आणि अधिक चांगला शिक्षक मिळण्याची गरज असते. ज्या शाळेत चाचणीचा निकाल लागल्यावर मुलाला शिकवण्याची रीत बदलते तेथेच बुद्धिमापन सार्थ ठरते. जेथे निकालानंतर फक्त मुलाची जागा बदलते, तेथे ती चाचणी न घेतलेली बरी.